नजर त्यांची, रस्ता समाजाचा : गॉर्डन पार्क्स आणि आपले फोटोग्राफर

आपल्या वस्तीतल्या पोरांच्या हातात आता कॅमेरा आला आहे. कुणी हप्त्यावर घेतला, कुणी लग्नाच्या ऑर्डरी करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून जुना घेतला. १४ एप्रिलची मिरवणूक, ६ डिसेंबरची चैत्यभूमीवरची रांग, दीक्षाभूमीवरचा जनसागर, १ जानेवारीचा भीमा कोरेगावचा विजयस्तंभ हे सगळे ही पोरं टिपतात आणि चांगले टिपतात. दुसऱ्या दिवशी तेच फोटो बॅनरवर, कॅलेंडरवर, पुढाऱ्यांच्या शुभेच्छापत्रांवर दिसतात. खाली फोटो काढणाऱ्याचे नाव नसते. मानधनाचा तर प्रश्नच येत नाही.

सामाजिक काम करताना ही पोरं भेटतात तेव्हा त्यांचा एकच सवाल असतो. "दादा, फोटो सगळे बघतात, काम कुणीच देत नाही. करायचं काय?" त्यांना मिळणारे उत्तरही ठरलेले असते. पोर्टफोलिओ बनव, इन्स्टाग्रामवर टाकत राहा, मेहनत कर, टॅलेंट असेल तर ते लपत नाही.

या उत्तरातले शेवटचे वाक्य मला तपासायचे आहे. 'टॅलेंट लपत नाही' हे वाक्य 'मेरिट'चे सख्खे भावंड आहे. ज्याला काम मिळाले तो गुणी आणि ज्याला मिळाले नाही त्याच्यात काहीतरी कमी, असा निकाल ते आधीच देऊन टाकते. म्हणून ज्यांचे उदाहरण जगभर 'स्वतःच्या टॅलेंटवर वर आलेला गरीब मुलगा' म्हणून दिले जाते, त्या गॉर्डन पार्क्स यांचाच इतिहास उघडून पाहू.

रेल्वेतला वेटर

गॉर्डन पार्क्स यांचा जन्म ३० नोव्हेंबर १९१२ चा, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या फोर्ट स्कॉट गावचा. पंधरा भावंडांत ते सगळ्यात धाकटे. १९१३ च्या उन्हाळ्यात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला उतरले, तेव्हा हे मूल वर्षाचेही झाले नव्हते. गावात काळ्यांची प्राथमिक शाळा वेगळी होती आणि काळ्यांचे दफनही वेगळ्या जागी होई. किशोरवयातच आई गेली. सेंट पॉल शहरात बहिणीकडे पाठवले, तिथून मेहुण्याने बाहेर काढले. पुढे पार्क्स यांनी पडेल ते काम केले. वेश्यावस्तीत पियानो वाजवला, हॉटेलात उष्टी भांडी उचलली, रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये वेटर झाले.

त्या रेल्वेत एका प्रवाशाने मागे टाकलेल्या मासिकात त्यांनी स्थलांतरित शेतमजुरांचे फोटो पाहिले. १९३७ च्या सुमारास त्यांनी सिअ‍ॅटलमधल्या गहाणवटीच्या दुकानातून एक वापरलेला व्होइग्टलेंडर कॅमेरा घेतला. पहिला रोल कोडॅकच्या दुकानात धुवायला दिला, तेव्हा तिथल्या माणसाने कामाचे कौतुक केले आणि पुढे त्यांचे फोटो दुकानाच्या काचेत लावले, अशी हकीकत त्यांनी स्वतःच सांगितली आहे.

गोष्ट सांगणारे इथे थांबतात. वेटर होता, कॅमेरा घेतला, लोकांनी पाहिले, मोठा झाला. पण काचेत फोटो लागले म्हणून पोट भरले का? पार्क्स पुढेही वेटरचीच नोकरी करत होते. फोटो दिसणे आणि फोटोचे पैसे मिळणे या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. आजची लाइक आणि तेव्हाची काच यांत मला फारसा फरक दिसत नाही.

हे अंतर कसे कापले गेले? सेंट पॉलमध्ये बायकांच्या कपड्यांचे एक श्रीमंती दुकान होते. तिथे पार्क्स सरळ आत शिरले आणि फॅशनचे फोटो काढू द्या म्हणाले. मालक नाही म्हणत होता, पण मालकिणीने संधी दिली. ते फोटो दुकानात लागले आणि मार्व्हा लुईस यांच्या नजरेला पडले. मार्व्हा म्हणजे जगज्जेते मुष्टियोद्धे जो लुईस यांच्या पत्नी. त्या स्वतः कृष्णवर्णीय होत्या आणि शिकागोच्या कृष्णवर्णीय समाजात त्यांचा शब्द चालत होता. तुम्ही शिकागोला या, मी काम मिळवून देते, असे त्यांनी सांगितले. १९४० मध्ये पार्क्स कुटुंबासह शिकागोला गेले.

समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात. साध्या भाषेत ओळखपाळख. सवर्ण घरातल्या फोटोग्राफरला हे भांडवल जन्मापासून मिळते. मामा जाहिरात कंपनीत असतो, बापाचा वर्गमित्र संपादक असतो. आपल्या पोराला ते कुठून मिळणार? पार्क्स यांना ते आपल्याच समाजातल्या, थोड्या वर पोहोचलेल्या एका बाईने दिले.

दहा-दहा सेंटची नाणी

शिकागोच्या साऊथ साइड भागात दक्षिणेकडून आलेले लाखो कृष्णवर्णीय राहत होते. तिथे १९४० मध्ये साऊथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर उभे राहिले. सरकारी कला योजनेची मदत होती, पण इमारतीसाठी पैसा समाजाने उभा केला. त्यासाठी 'माइल ऑफ डाइम्स' नावाची मोहीम चालली. डाइम म्हणजे दहा सेंटचे नाणे. नाण्याला नाणे लावून मैलभर रांग होईल इतकी नाणी जमवायची, ही कल्पना. मार्गारेट बरोज यांच्यासारख्या तरुण कलाकार रस्त्याच्या कोपऱ्यावर डबा घेऊन उभ्या राहिल्या. आपल्याकडे विहारासाठी घरोघर वर्गणी फिरते, तसाच हा प्रकार. १९४१ च्या मे महिन्यात एलिनॉर रूझवेल्ट यांच्या हस्ते या केंद्राचे उद्घाटन झाले. ते आजही चालू आहे.

या केंद्राने पार्क्स यांना फोटो धुवायला डार्करूम दिली. पोट भरायला ते कृष्णवर्णीय मध्यमवर्गातल्या बायकांची पोर्ट्रेट काढत आणि उरलेल्या वेळात साऊथ साइडच्या चाळी, गल्ल्या, गरिबी टिपत. केंद्रातच त्यांच्या कामाचे प्रदर्शन झाले.

आता हिशेब मांडा. डार्करूम समाजाच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या केंद्राची. गिऱ्हाईक समाजातले. प्रदर्शनाची भिंत समाजाची. पार्क्स यांची नजर त्यांची स्वतःची होती, यात वाद नाही. पण ती नजर कागदावर उतरायला जी जागा लागली, ती दहा-दहा सेंट देणाऱ्या मोलकरणींनी आणि मजुरांनीही उभी केली होती.

महिना २०० डॉलर

या कामाच्या जोरावर पार्क्स यांना ज्युलियस रोझेनवाल्ड फंडाची फेलोशिप मिळाली. फोटोग्राफीसाठी ही फेलोशिप मिळवणारे ते पहिलेच. रोझेनवाल्ड हे सिअर्स, रोबक या मोठ्या व्यापारी कंपनीचे प्रमुख होते. १९१७ मध्ये त्यांनी हा फंड काढला. दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे ५,००० शाळा उभारायला त्यांच्या पैशाचा हातभार लागला आणि तिथेही स्थानिक समाजाने आपला पैसा आणि आपली मजुरी घातली. लँगस्टन ह्यूजेस, राल्फ एलिसन, जेकब लॉरेन्स हे सगळे या फंडाचे फेलो. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची माहिती मागवली, त्या डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्या संशोधनालाही या फंडाची मदत झाली होती.

फेलोशिप महिना २०० डॉलरची होती आणि कुठे काम शिकायचे ते निवडण्याची मुभा होती. पार्क्स यांनी वॉशिंग्टनचे फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन निवडले. रेल्वेत पाहिलेले शेतमजुरांचे फोटो याच सरकारी खात्याचे होते. खात्याच्या फोटो विभागाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर एका कृष्णवर्णीय फोटोग्राफरला घ्यायला आधी कचरत होते. शहरात वंशभेद होता, कार्यालयातले लोक काय म्हणतील ही धास्ती होती. पण पगार फंडाचा होता आणि फंडाच्या लोकांचा आग्रहही होता. दार उघडले.

बाबासाहेबांचा विद्यार्थी ते बॅरिस्टर हा प्रवास आपण जाणतो. बडोद्याच्या सयाजीरावांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती नसती, तर कोलंबियाचे दार उघडले असते का? बुद्धी होतीच. पण उपाशी बुद्धीला तिकीट काढता येत नाही. शिष्यवृत्तीची मागणी ही भीक असते असे आपल्याला सतत ऐकवले जाते. इतिहास सांगतो की ती रस्त्यावर खडी टाकण्याची मागणी असते.

झाडू धरलेली बाई

१९४२ साल. पार्क्स वॉशिंग्टनला पोहोचले. स्ट्रायकर यांनी पहिल्या दिवशी त्यांचा कॅमेरा काढून घेतला आणि शहरात फिरून या म्हणाले. हॉटेलात जेवण मिळाले नाही, थिएटरात तिकीट मिळाले नाही, मोठ्या दुकानात कोट दाखवला नाही. पार्क्स संतापून परतले. ज्या माणसांनी हे वर्षानुवर्षे सोसले आहे त्यांच्याशी बोला, असे स्ट्रायकर यांनी सुचवले.

त्याच इमारतीत रात्री फरशी पुसणाऱ्या एला वॉटसन होत्या. पार्क्स त्यांच्याशी बोलले. मग अमेरिकेच्या मोठ्या ध्वजासमोर त्यांना उभे केले, एका हाती झाडू, शेजारी मॉप. हाच तो पुढे जगप्रसिद्ध झालेला 'अमेरिकन गॉथिक' फोटो. हा फोटो सगळ्यांच्या नोकऱ्या घालवील, अशी स्ट्रायकर यांची प्रतिक्रिया होती. पार्क्स एका फोटोवर थांबले नाहीत. पुढचे काही महिने ते एला वॉटसन यांच्या घरी, चर्चमध्ये, कामावर जात राहिले आणि त्यांच्या जगण्याची मोठी मालिका तयार झाली.

या फोटोचे आर्थिक गणित आपण कधी करत नाही. एला वॉटसन यांचा पगार होता वर्षाला १,०८० डॉलर, म्हणजे महिना ९०. त्यावर सहा जणांचे घर चालत होते. फोटो काढणाऱ्याला महिना २०० मिळत होते, तेही सरकारकडून नव्हे. सरकारी इमारतीत एक काळी बाई फरशी पुसत होती आणि एक काळा माणूस बाहेरच्या पैशावर फोटो काढत होता. तिथल्या व्यवस्थेने त्या दोघांची जागा अशी ठरवली होती.

आपल्याकडे मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जगणे सुधारक ओलवे यांनी वर्षानुवर्षे टिपले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते फोटो पाहताना एला वॉटसन आठवल्याशिवाय राहत नाही. झाडू कोणाच्या हातात द्यायचा हे तिकडे वर्णाने ठरवले, इकडे जातीने.

नोकरी मिळाली, कात्री कोणाकडे?

१९४३ नंतर पार्क्स न्यूयॉर्कला काम शोधू लागले. एका बड्या फॅशन मासिकाच्या कला संपादकाला काम आवडले, पण कंपनी काळ्यांना घेत नाही असे त्याने सांगितल्याचे पार्क्स यांनी लिहिले आहे. हा माणूस तोवर सरकारी खात्यात काम करून आलेला होता. टॅलेंट लपले नव्हते. दिसले, आवडले आणि तरी नाकारले गेले.

पुढे 'व्होग'ने काम दिले. १९४८ मध्ये पार्क्स कुणाची वेळ न घेता 'लाइफ' मासिकाच्या फोटो संपादकाकडे गेले आणि हार्लेममधल्या टोळीयुद्धावर फोटोकथा करण्याची कल्पना मांडली. १ नोव्हेंबर १९४८ च्या अंकात ती छापून आली आणि पार्क्स 'लाइफ'चे पहिले कृष्णवर्णीय पगारी फोटोग्राफर झाले.

पण त्या कथेत काय छापले गेले? पार्क्स यांनी शेकडो फोटो काढले होते. टोळीचा म्होरक्या रेड जॅक्सन घरात, मित्रांत, कामात कसा असतो तेही त्यांत होते. संपादकांनी २१ फोटो निवडले आणि भर दिला हिंसेवर, भीतीवर, अंधारावर. २०१३ मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या कलासंग्रहालयाने न छापलेले फोटो आणि संपादकांच्या खुणा समोर ठेवल्या, तेव्हा हा फरक सगळ्यांना दिसला. डोळा आपला, पण कात्री त्यांची. प्रतिनिधित्वाची लढाई एक माणूस आत गेला की संपते असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट याहून कडू आहे. २४ सप्टेंबर १९५६, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या अवघे तीन आठवडे आधी, 'लाइफ'मध्ये पार्क्स यांची अलाबामातल्या वंशभेदावरची रंगीत फोटोकथा आली. फोटो गाजले. ज्या कुटुंबाचे फोटो होते त्यातल्या शिक्षिकेची नोकरी गेली आणि त्यांना गाव सोडावे लागले. म्हणजे फोटो गाजतो तेव्हा फोटोग्राफरला नाव मिळते आणि किंमत कधीकधी फोटोतला माणूस मोजतो. अत्याचाराच्या गावात कॅमेरा घेऊन जाणाऱ्या आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने ही गोष्ट पाठ करून ठेवावी.

एका विधवेची अट

आता पार्क्स यांच्यापासून थोडे बाजूला येऊ. ९ एप्रिल १९६८, अटलांटा. मार्टिन ल्यूथर किंग यांचा अंत्यविधी. चर्चमध्ये मोजक्याच फोटोग्राफरांना प्रवेश होता आणि त्या यादीत एकही काळा फोटोग्राफर नव्हता. किंग यांच्या पत्नी कोरेटा यांना हे कळले. त्यांनी अट घातली की 'एबनी' मासिकाचे मोनेटा स्लीट आत नसतील तर कुणीच आत नसेल. स्लीट आत गेले. काळा पदर चेहऱ्यावर घेतलेल्या कोरेटा आणि त्यांच्या मांडीवर विसावलेली लहानगी बर्निस, हा फोटो त्यांनी काढला. तो वृत्तसंस्थेमार्फत वर्तमानपत्रांत पोहोचला आणि १९६९ मध्ये त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला.

'एबनी' हे १९४५ पासून चाललेले कृष्णवर्णीयांचे स्वतःचे मासिक. स्लीट तिथे १९५५ पासून पगारावर होते. समाजाचे मासिक नसते तर स्लीट यांना ती तेरा वर्षे काम मिळाले नसते आणि कोरेटा यांनी अट घातली नसती तर तो फोटोही निघाला नसता. त्या वर्षीच्या कर्नर आयोगाच्या अहवालाने दाखवून दिले की अमेरिकी वृत्तव्यवसायातल्या संपादकीय कामांत काळे ५ टक्क्यांहूनही कमी आहेत. म्हणून १९७८ मध्ये तिथल्या संपादकांच्या संघटनेला निदान उद्दिष्ट तरी जाहीर करावे लागले. उद्दिष्ट गाठले गेले नाही, पण मोजणी सुरू झाली.

आपल्याकडे? १९९६ मध्ये पत्रकार बी. एन. उनियाल दिल्लीत दलित पत्रकार शोधायला निघाले आणि त्यांना एकही सापडला नाही. २००६ मध्ये दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांतल्या ३१५ निर्णयकर्त्यांची पाहणी झाली, त्यात एकही दलित किंवा आदिवासी नव्हता. आपल्या पोराचा पोर्टफोलिओ ज्या टेबलावर जातो, त्या टेबलामागे कोण बसले आहे याचे हे उत्तर आहे. आणि हे नवे नाही. १९२० मध्ये 'मूकनायक'ची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी' तयार नव्हता. बाबासाहेबांनी विनवण्या केल्या नाहीत. शाहू महाराजांनी दिलेल्या २,५०० रुपयांच्या मदतीवर स्वतःचे पत्र चालवले.

मग आपण काय करायचे?

ब्लॅक पँथरवरून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली. तिकडून घोषणा घेतल्या, बाणा घेतला. मैलभर नाण्यांची रांग मात्र घ्यायची राहिली.

काही जण म्हणतील, चळवळीचे काम सेवा आहे, त्यात पैसा कसला मागता? मग जयंतीचा मंडपवाला सेवा करतो का? डीजेवाला, बॅनर छापणारा, जेवणाचा ठेकेदार, सगळ्यांचे बिल समिती चुकते करते. सेवा फक्त फोटो काढणाऱ्या आपल्याच पोराच्या वाट्याला कशी येते? तो पुढे कॅमेरा विकतो आणि डिलिव्हरीच्या गाडीवर बसतो, तेव्हा आपल्या इतिहासाचा एक साक्षीदार कमी होतो.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. प्रत्येक जयंती समितीच्या जमाखर्चात 'छायाचित्रण' असा रकाना असावा, रक्कम लहान असली तरी चालेल. फोटो जिथे वापरला जाईल तिथे खाली नाव असावे. विहारात किंवा समाजमंदिरात एक कॉम्प्युटर, दोन लेन्स, फोटो साठवायला हार्ड डिस्क अशी सामाईक सोय असावी. आपल्या मोठ्या कार्यक्रमाला माध्यमे येतील तेव्हा कोरेटा किंग यांच्यासारखी अट घालायला शिकावे. आपल्यातले जे अधिकारी, प्राध्यापक, उद्योजक झाले आहेत त्यांनी मार्व्हा लुईस व्हावे, म्हणजे एका पोराचे नाव चार ठिकाणी सुचवावे.

आणि कॅमेरा धरणाऱ्यांनो, तुम्हालाही दोन शब्द. सुटे फोटो टाकत बसू नका. पार्क्स यांनी एला वॉटसन यांच्यावर महिनोन्महिने काम केले, तशी एखाद्या वस्तीची, एखाद्या कामाची मालिका करा. प्रत्येक फोटोखाली माणूस, ठिकाण, तारीख लिहा. फोटोतल्या माणसाची परवानगी घ्या आणि छापल्यानंतर त्याच्यावर काय ओढवेल याचा विचार आधी करा. मूळ फाइल कुणाला देऊ नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने तुम्ही स्वतःहून काढलेल्या फोटोचे पहिले मालक तुम्ही आहात. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचे हक्क मात्र, वेगळा करार नसेल तर, त्या माणसाकडे जातात. म्हणून काम घेताना दोन ओळी का होईना, लेखी घ्या.

पार्क्स यांनी आपल्या आत्मकथनाला नाव दिले 'अ चॉइस ऑफ वेपन्स', शस्त्रांची निवड. गरिबी आणि वंशभेदाशी लढायला त्यांनी कॅमेरा निवडला. निवड त्यांची होती. पण ते शस्त्र चालवायला शिकवणारे केंद्र, पहिला पगार देणारा फंड आणि चार ठिकाणी नाव सांगणारी माणसे त्यांच्यामागे उभी होती. आपल्या पोरांनी निवड केव्हाच केली आहे. येत्या जयंतीच्या बैठकीत खर्चाची यादी लिहायला घ्याल तेव्हा त्यांचे बिल पहिल्या ओळीत लिहा.

जय भीम!